धोंडीची पायरी

कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या भाताच्या गिरणीत इंदूबाई तेवीस वर्षं पोती शिवत होती. हातात दाभण, मांडीवर सुतळीचा गुंडा आणि जिभेवर कोणाची तरी उणीदुणी, असा तिचा दिवस जायचा. पोत्याचं तोंड शिवणारं यंत्र गिरणीत येऊन दहा वर्षं झाली, तरी तिला घरी बसवायची कोणाची छाती झाली नाही. एक तर यंत्र महिन्यातून चार दिवस रुसून बसायचं आणि दुसरं म्हणजे यंत्राला कान काढता येत नव्हते. पोतं शिवताना तोंडाच्या दोन्ही टोकांना मूठभर तांदूळ आवळून जी गाठ बांधतात, तिला कान म्हणायचं. कान असले की पोतं धरता येतं, दोघांना मिळून उचलता येतं, उतरवताना हातातून निसटत नाही. इंदूबाईचे कान असे घट्ट असायचे की हमाल म्हणायचे, पोतं फाटेल पण म्हातारीचा कान सुटायचा नाही. म्हातारी म्हटलेलं मात्र तिला खपायचं नाही. बावन्न म्हणजे काय वय झालं?

पण त्या गिरणीत खरं नाव होतं ते तिच्या सासऱ्याचं, धोंडी हमालाचं. माणूस बुटका. इतका बुटका की शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतलं की लांबून नुसतं पोतंच चालत येताना दिसायचं. थप्पी उंच झाली की त्याचे हात वर पोचायचे नाहीत. मग त्याने आपल्यापुरती युक्ती काढली. थप्पीच्या तिसऱ्या थरात दाराकडच्या कोपऱ्यातलं पोतं तो वीतभर आत सरकवायचा आणि त्या खाचेत पाय रोवून वर चढायचा. तेव्हाचे शेठ, म्हणजे अप्पा, आधी ओरडले. थप्पी वाकडी दिसते म्हणाले. मग डोळ्यांना सवय झाली आणि गिरणीत त्या खाचेला 'धोंडीची पायरी' असं नावच पडलं. पुढे धोंडी गेला, शंभर किलोची पोती जाऊन पंचवीस किलोची आली, तरी त्या घरातलं माणूस थप्पी लावायला लागलं की पायरी ठेवायचंच. इंदूबाईचा मुलगा जितेश सहा फुटाला दोन बोटं कमी. त्याला पायरीचं काही कामच नव्हतं. पण आजोबाच्या मागे मागे गोदामात वाढलेला पोरगा तो, त्याच्या हाताला दुसरी थप्पी येतच नव्हती.

त्या पायरीनेच त्याला सुदानला नेलं. लढाईत सापडलेल्या लोकांना धान्य पोचवणारी एक संस्था आहे, तिचे दोन साहेब दोन वर्षांपूर्वी तांदूळ बघायला गिरणीत आले होते. तांदूळ चाळून झाला, ओल मोजून झाली आणि मग ते जितेशने लावलेल्या थप्प्यांपुढे उभे राहिले. एकाने कोपऱ्यातल्या खाचेवर बोट ठेवून, हे चुकलंय का, असं विचारलं. जितेशने त्याला आजोबाची सगळी कथा सांगितली. साहेब हसला आणि जाताना त्याचा नंबर घेऊन गेला. सहा महिन्यांनी बोलावणं आलं. काम गोदाम सांभाळायचंच, पण तिकडे.

"गोल्या चालतात तितं तांदूळ सांबालायला जातोस?" बाप, म्हणजे सहदेव, कडाडला होता.

"बाबा, गोल्या चालतात म्हनूनच तांदूळ लागतो ना," जितेश म्हणाला.

सहदेव दोन दिवस पोराशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र विमानतळावर सोडायला सगळ्यांच्या आधी टेंपोत जाऊन बसला.

दर रविवारी दुपारी फोन यायचा. जितेश जेवढं सांगायचा, त्यापेक्षा जास्त गिळायचा, हे आईला कळत होतं. तरी मधूनच काहीतरी बाहेर पडायचंच. बाजारावर वरून काहीतरी पडलं आणि कांदे विकणाऱ्या बायकांची ओळच्या ओळ गेली. चार चार दिवस चालत लोक येतात, सोबत असतं एक भांडं आणि एक कोंबडी, कधी तेही नाही. चालताना वाटेत कोण कोण मागे राहिलं ते सांगतात, पण नाव घेत नाहीत.

"पोरं रडत नाय गं आये," एकदा तो म्हणाला. "रांगेत तीन-तीन तास उबी ऱ्हातात, पन रडत नाय. तेच बगवत नाय."

"तू जेवलास का?" एवढंच तिने विचारलं आणि विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

गोदामात त्याच्या जोडीला आदम नावाचा एक गडी होता, त्याच्याच वयाचा. आदमची आई तिथेच झाडलोट करायची. तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं, सगळे 'आदमची आई' असंच म्हणायचे. तिकडे तशी रीतच आहे, असं जितेशने मोठ्या नवलाने सांगितलं.

"त्यात काय नवाल?" इंदूबाई म्हणाली. "मना तरी गावात कोन इंदू म्हनतं? जितूची आयच म्हनतात."

तिथले हमाल लढाईच्या भीतीने पांगले होते आणि माल उतरवायला बायका येत होत्या. म्हणून जितेशने दिवाळीच्या सुमाराला गिरणीत निरोप धाडला की या खेपेची पोती कान काढून पाठवा. देवव्रतशेठ, अप्पांचा मुलगा, चांगला शिकलेला माणूस. त्याने लगेच मान्य केलं. मग इंदूबाई, तिच्यासारखीच पोती शिवणारी मोतीबाई आणि आणखी चौघीजणी बसल्या आणि दोन हजार पोत्यांना चार हजार कान काढून माल न्हावाशेव्याच्या बंदराला रवाना झाला. बोटांना घट्टे पडले, पण इंदूबाईने एकही कान दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय सोडला नाही.

आणि शिमग्याच्या आधीच्या मंगळवारी ती बातमी आली. टीव्हीच्या खालच्या पट्टीतून सरकत गेलेली, एका ओळीची. सुदानात मदतीच्या धान्याच्या गोदामावर हल्ला. गावाचं नाव सहदेवने बरोबर वाचलं. ते नाव त्याने पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं होतं.

जितेशचा फोन लागेना. संस्थेच्या दिल्लीतल्या कचेरीत देवव्रतने फोन लावून दिला. तिथली बाई फार गोड बोलायची. संपर्क तुटला आहे, आम्ही माहिती घेत आहोत, कळलं की कळवू. नऊ दिवसांत त्या बाईने चार वेळा माहिती घेतली आणि एकदाही दिली नाही. तिचाही काय दोष म्हणा, तिच्याकडे तरी कुठे होती?

ते नऊ दिवस कसे गेले ते त्या घरालाच ठाऊक. सहदेव सकाळी राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पालापाचोळा गोळा करायला माळावर जायचा आणि दुपारी रिकाम्या हातांनी परत यायचा. विचारलं तर, आज उन्हाचा कंटाळा केला, म्हणायचा. गावात होळीला बोंबा झाल्या, पण यांच्या दारावरून जाताना पोरं गप्प झाली आणि ते गप्प होणंच इंदूबाईला जास्त लागलं. शेजारपाजारच्या बायका येऊन ओटीवर बसायला लागल्या. कोणी बोलत नव्हतं, पदर तोंडाला. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना उठवलं.

"अशा काय बसल्याव गं माज्या दारात? कोन गेलाय इतं? उटा, आपापल्या घरी जा!"

बायका गेल्या. मग ती आत जाऊन रडली.

गिरणीत जाणं तिने सोडलं नाही. घरी टीव्ही होता आणि टीव्हीसमोर सहदेव होता. त्यापेक्षा गोदाम बरं. पण हात चालत नव्हते. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिचे कान सैल पडायला लागले. मोतीबाई शेजारीच बसायची. एरवी हिच्या चुकांची वाट बघत बसणारी बाई ती, पण त्या दिवसांत तिने अवाक्षर काढलं नाही. इंदूबाईचं पोतं सरकलं की ती हळूच आपल्याकडे ओढायची आणि कान पुन्हा आवळून पुढे ढकलायची. इंदूबाईला ते दिसत होतं.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या सुट्टीनंतर देवव्रत हातात फोन घेऊन गोदामात आला.

"इंदूकाकू, आपला माल पोचला म्हणून फोटो आलाय," तो म्हणाला. "वाहतूकवाल्याने पाठवलाय, पावती म्हणून. त्याला जितेशचं काही माहीत नाही, मी विचारलं. पण म्हटलं तुम्हाला दाखवावा. तुमचेच कान आहेत."

बिचाऱ्याला वाटलं होतं, तेवढंच तिला बरं वाटेल.

फोटोत एक शाळेची खोली होती. फळा होता, फळ्यावर उलट्या बाजूने लिहिल्यासारखी अक्षरं होती आणि पुढे थप्पी होती. ताडपत्री अर्धी सरकलेली. माणूस एकही नव्हता. इंदूबाईने चष्मा पुसला, देवव्रतने फोटो मोठा करून दिला. तिने आधी आपले कान बघितले. शाबूत होते. मग सवयीने तिची नजर खालून वर चढायला लागली. एक थर. दोन थर. तीन.

"शेठ, ह्यो कोपरा मोटा करा."

त्याने केला.

तिसऱ्या थरात, दाराकडच्या कोपऱ्यातलं पोतं वीतभर आत होतं.

इंदूबाई मटकन खाली बसली. मोतीबाईला वाटलं, झालं, वाईट बातमी आली. तिने तोंडाला पदर लावून हंबरडा फोडायची तयारीच केली. तेवढ्यात इंदूबाईने तिच्या पाठीत असा गुद्दा घातला की हंबरडा जागीच विरला.

"गप गं भवाने! पोर हाय माजा! ह्ये बग, पायरी बग! दुसरा कोन ठेवनार हाय पायरी? सगल्या दुनयेत कोन ठेवतो?"

देवव्रतने तारीख पाहिली. गोदाम पडलं मंगळवारी, फोटो काढलेला शुक्रवारी. त्याचाही चेहरा उजळला. तरी शिकलेला माणूस, शंका काढल्याशिवाय राहवेना.

"काकू, फोटोत माणूस कोणी नाही हो."

"मानूस कशाला पायजे? मानसाचा हात हाय की!"

त्या दिवशी गिरणी दोन तास आधी सुटली. इंदूबाई घरी धावली, धावली म्हणजे अक्षरशः धावली, चप्पल हातात घेऊन. सहदेवने तिच्या फोनमध्ये घेतलेला फोटो उन्हात नेला, सावलीत नेला आणि त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"आबाची पायरी," तो म्हणाला. बस, एवढंच. मग आत येऊन त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या, सुकटीच्या कालवणाला मीठ कमी आहे म्हणून कुरकूर केली आणि आडवा झाला तो सूर्य मावळेपर्यंत घोरत होता. नवरा मिठावरून कुरकुरतोय याचा इतका आनंद इंदूबाईला आयुष्यात कधी झाला नव्हता.

दोन दिवस तिचा पाय जमिनीवर नव्हता. भेटेल त्याला ती फोटो दाखवायची. टमटमवाल्याला दाखवला, शिळफाट्याच्या बाजारात मासेवालीला दाखवला. कोणाला काही कळायचं नाही, दिसायची नुसती पोती. मग ती सासऱ्याच्या उंचीपासून सुरुवात करायची. मोतीबाई म्हणाली, आता पुरे कर, त्या फोटोला दृष्ट लागंल. आणि तिसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज ओळखीचा.

"आये."

इंदूबाईने फोन सहदेवच्या कानाला लावला, परत आपल्या कानाला लावला, मग देवासमोर नेला आणि मग कुठे तिच्या तोंडातून शब्द फुटला. आधी तिने त्याला शिव्या दिल्या. मनसोक्त दिल्या. जितेश पलीकडे हसत होता आणि हसता हसता नाक ओढत होता. भिंत अंगावर पडून उजवा हात मोडला, डोक्याला टाके पडले. फोन ढिगाऱ्यात गेला, टॉवर पडले. तो दवाखान्याच्या तंबूत होता आणि पहिले चार-पाच दिवस धड शुद्ध नव्हती. आता बरा आहे. हात प्लास्टरमध्ये आहे. वीस तारखेला घरी पाठवताहेत.

"वीस तारखेला?" सहदेव ओरडला. "ह्याच म्हैन्याच्या?"

"ह्याच, बाबा."

घरात आनंदीआनंद झाला. सहदेव पेढे आणायला म्हणून सदरा शोधायला लागला आणि सदरा अंगातच होता. इंदूबाई डोळे पुसत म्हणाली, "आमाला दोन दिवस आदीच कललेलं, समजलास? फोटो आलेला तुज्या थप्पीचा. पन काय रं, मोडक्या हातानं थप्पी कशी लावलीस?"

"कंची थप्पी?"

"शालंतली. पायरी ठेवलेली."

"ती मी नाय लावली, आये," जितेश म्हणाला. "शुक्रवारी ना? मी तवा तंबूत पडलेलो. मना काय पन कलत नव्हतं."

म्हणजे ज्या पायरीवर जीव टेकून इंदूबाई दोन दिवस निवांत झोपली, ती पोराची नव्हतीच. तो असता किंवा नसता, पायरी तशीच दिसली असती.

"मंग कोनी लावली?"

"आदमच्या आयनं."

"आनी आदम?"

जितेशने श्वास घेतला तो इकडे ऐकू आला. "आदम गेला गं. तो दारात होता, मी आत. तेवडाच फरक."

सहदेव एक हात दाराच्या कडीवर ठेवून तिथेच थांबला.

मग जितेशने हळूहळू सांगितलं. तिसऱ्या दिवशी तांदळाच्या गाड्या आल्या. गोदाम नव्हतं, हमाल नव्हते आणि बाहेर दोन हजार माणसांची रांग उभी होती. माल उघड्यावर राहिला असता तर कोणीतरी पळवला तरी असता किंवा जाळला तरी असता. कोणी पुढे होईना. तेव्हा ती बाई उठली. आदल्याच दिवशी पोराला मूठमाती देऊन आलेली. तिने रांगेतल्या बायका हाताशी घेतल्या आणि दोघी दोघींनी कान धरून सगळी पोती शाळेत नेली. वर्षभर ती झाडता झाडता जितेश आणि आदमला थप्पी लावताना बघत होती. पोती लावायची रीतच ती, असं तिला वाटायचं. तिने तशीच लावली, पायरीसकट.

"तिला सांगितलेलं का, पायरी कशाला ते?"

"सांगितलेलं गं. आजोबा बुटका होता म्हनून. लय हसलेली." जितेशचा आवाज थोडा सैल झाला. "ती पन बुटकीच हाय. आजोबापक्षा दोन बोटं कमीच आसंल. तिला खरंच लागते पायरी."

इंदूबाईला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू आलं, दोन्ही एकदमच. आपला पोरगा जिवंत आहे याचं सुख तिच्या पोटात मावत नव्हतं आणि त्या सुखाची तिला शरमही वाटत होती. तिने नाक पुसलं.

"आता तिला काय म्हनतात रं?"

"काय म्हंजे? आदमची आयच म्हनतात."

"हाय का ती तितं? मना दाव."

त्याने व्हिडिओ लावला. चित्र आलं, गेलं, पुन्हा आलं. डोक्यावरून पिवळं वस्त्र घेतलेली एक लहानखुरी बाई पडद्यावर आली. डोळे सुजलेले, हाताला तांदळाची पांढरी भुकटी. इंदूबाईचे हात कामावरून घरी आल्यावर अगदी असेच दिसायचे. तिला खूप काही बोलायचं होतं. दुःखाच्या घरी आपण जातो तेव्हा जेवणाचा डबा घेऊन जातो, त्या घरातली चूल पेटू देत नाही. हिच्या घरी कोणी डबा नेला असेल? हिला घर तरी होतं का? ती नुसती बघत राहिली आणि ती बाईही बघत राहिली.

मग ती बाई आपल्या भाषेत काहीतरी बोलली, दोनच वाक्यं.

"आये, ती इचारते," जितेश म्हणाला, "पायरी बरोबर लागली का? फोटोत नीट दिसली का?"

इंदूबाईने आजवर कोणाच्या थप्पीला चांगलं म्हटलेलं नव्हतं. देवव्रतशेठनेही कधी ऐकलं नव्हतं. तिने पदराने डोळे कोरडे केले, फोन सहदेवच्या हातात दिला आणि त्याला नीट धरायला सांगितलं.

"सांग तिला," ती म्हणाली, "धोंडी हमालाच्या सुनंनं बगितलीय म्हनावं. बरोबर लागलीय. वीतभर आत, ना कमी ना जास्त."

जितेशने सांगितलं. त्या बाईने ऐकून घेतलं, मग उजवा हात वर करून पंजा ताणून दाखवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एवढी?

इंदूबाईनेही आपला पंजा ताणून फोनसमोर धरला. "एवडीच."

बाईने मान हलवली. मागून तिला कोणीतरी हाक मारली, तशी ती डोक्यावरचं वस्त्र सावरत उठली, कारण रांग अजून संपलेली नव्हती.